बाकांचा नकाशा

"प्रवचनं खालच्या पेटीत आहेत," पाळकीणबाई म्हणाल्या, "पण तुमच्या आधी उंदीर येऊन गेलेत."

मी पेटी उघडली. प्रभूत झोपी गेलेल्या रेव्हरंड हिवाळ्यांची एकोणतीस वर्षांची प्रवचनं भुगा होऊन पडली होती. एका तुकड्यावर 'म्हणून, प्रिय बंधुजनहो' एवढंच वाचता येत होतं. त्यापुढचं उंदरांना पटलेलं दिसलं.

"सगळीच खाल्ली?"

"नाताळची तेवढी सुटली असतील बघा. ती लांब होती."

पुण्याहून साडेतीन तास एसटीत बसून मी शेंडेवाडीला आलो होतो, तो ही प्रवचनं न्यायला. मला बस लागते, म्हणून वाटभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळत आलो होतो. आता परत जाताना कशासाठी चघळायच्या, हा प्रश्न होता.

आमच्या कचेरीचं नाव 'मध्यस्थ साहित्य सेवा'. ख्रिस्ती लेखकांची हस्तलिखितं घ्यायची, झाडूनपुसून प्रकाशकाच्या गळ्यात बांधायची, हा आमचा उद्योग. लग्न जुळवण्यासारखाच, फक्त इथली उपवर मंडळी बहुधा सत्तरीच्या पुढची असत. चालक शांतवन चक्रनारायण, आणि नोकरवर्ग म्हणजे मी, विजय अमोलिक, वय तीस. साहेबांनी 'मध्यस्थ' हे नाव ठेवलं तेव्हा दोन पाळकांनी निषेधाची पत्रं पाठवली होती, की ते पद ख्रिस्तानं आधीच भरलेलं आहे.

परदेशी मिशनचं अनुदान होतं तोवर आमचं बरं चाललं. प्रवचनं, बायबलवरच्या टीका, सद्गुणी माणसांची चरित्रं छापली जात आणि गोदामात शांतपणे विसावत. वाचकाला कसलाही त्रास नसे. मग अनुदान थांबलं, टीव्हीवर पांढऱ्या सुटातले उपदेशक आले, आणि प्रकाशकांना एकदम वाचक हवेसे झाले. 'जैतून प्रकाशन'चे तरुण मालक नोएल शेलार यांनी आम्हांला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "प्रवचनं बस्स झाली. काहीतरी आतलं आणा, रडवणारं. पहिलं चाललं तर वर्षाला दहा घेतो. नाही चाललं तर सलाम." दुसरा प्रकाशक उरला नव्हता. हिवाळे पाळक बोलायला लागले की लोक रडत, असं साहेबांनी लहानपणी ऐकलं होतं. लोक का रडत, याची चौकशी कोणी केलेली नव्हती.

"आणि या दुसऱ्या पेटीत?" मी विचारलं.

"त्या माझ्या वह्या. मी कडुलिंबाचा पाला घालते. त्यांच्याही पेटीत घालणार होते, तर म्हणाले, देवाचं वचन आपलं रक्षण आपण करतं."

सगुणाबाई हिवाळे तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसाचा आकार दिसे, चेहरा नाही. मी एक वही उघडली. पानावर चार-पाचच ओळी, बोराएवढ्या अक्षरांत.

'दुसरं बाक, खिडकीशी. मार्थाच्या नवऱ्याची बाटली फोड. नवरा फोडू नकोस, गरीब आहे.'

'पहिलं बाक, पुरुषांकडचं. खजिनदारांना झोप लागू दे. का लागत नाही ते तुला ठाऊक आहेच.'

'सहावं बाक. सुलोचनाची कूस तीनदा रिकामी झाली. या खेपेला दुसऱ्या कोणावर सोपवू नकोस, स्वतः लक्ष घाल.'

मी उभ्या उभ्या अर्धी वही वाचली. तोंडातली गोळी विरघळून गेली तरी समजलं नाही.

"बाई, हे काय आहे?"

"प्रार्थना. दुसरं काय असणार?" त्या उठल्या, काठी घेतली. "चल, दाखवते."

देऊळ, म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ, बाईंच्या बंगल्याला लागूनच होतं. दगडी, बसकं. आत सागवानी बाकांच्या दोन रांगा, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधून वाट. शेंडेवाडीत घराची वाटणी होई, शेताची होई, बाकाची होत नसे. आजी बसली तिथं नात बसायची. कोणी आजारी पडून आलं नाही तर ती जागा रिकामी राही. पाहुणा आला तर त्याला शेवटचं बाक, दाराशी. डोळे गेल्यापासून बाई दर रविवारी उपासनेआधी या वाटेनं चालत. एकेका बाकाच्या कडेवर हात ठेवायचा, तिथल्या माणसांना नावानं हाक मारायची, पुढे जायचं. ते 'आहे, बाई' म्हणायचे. आठवडाभर ज्यानं-त्यानं येऊन कानात जे सांगितलेलं असे, ते घरी गेल्यावर वहीत.

"बाई, याचं पुस्तक व्हायला पाहिजे."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "लोक आता त्या टीव्हीपुढं हात वर करून बसतात. तो इकडं ओरडतो, हे तिकडं ओरडतात, आणि शेजारणीच्या घरात काय चाललंय ते कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्याचं नाव घेऊन मागायचं असतं, हे विसरायला लागलेत. पुस्तकानं ते कळेल?"

"कळेल."

"पण माणसं ओळखू यायची नाहीत ना? विश्वासानं सांगितलेलं आहे."

"नावं मी स्वतः बदलीन."

"बदल बाबा," त्या म्हणाल्या. "पेपरमिंट खातोस होय रे? लांबून वास येतो. दारू पिऊन खोटं बोलणारे लवंग खातात. पेपरमिंट बरं."

*

नावं मी खरोखरच बदलली. एकशे चौदा. मार्थाची रिबेका केली, सुलोचनाची शालिनी, मास्तरांचे वैद्य केले. एक तक्ता करून कुलपात ठेवला. इतकं प्रामाणिक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुस्तकाला आकार मात्र येईना. नुसत्या प्रार्थना, एकीपुढे एक. मग मला सुचलं: एक बाक, एक प्रकरण. आणि सुरुवातीला देवळाचा नकाशा. माझा हात चित्रकलेत बरा होता. मी दुपारभर बसून रेखाटन केलं. दोन रांगा, खिडक्या, बाकांना आकडे, आकड्यांना सुबक गोल. शेलारांचा फोन आला, "अमोलिक, नकाशा म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे! वाचकाला वाटतं, आपण आत जाऊन बसलोय!" चक्रनारायण साहेबांनी त्या दिवशी समोसे मागवले. पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलं जाणार होतं: 'रेखाटन : विजय अमोलिक'. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

डिसेंबरात छापायची पानं जुळून आली, ती घेऊन मी शेंडेवाडीला गेलो. बाईंना वाचता येत नव्हतं, तेव्हा मीच मोठ्यानं वाचून दाखवणार होतो.

"सलाम, बाई."

"सलाम. आलं का पेपरमिंट? बस."

मी सुरू केलं, "दुसरं बाक, खिडकीशी. रिबेकाच्या नवऱ्याची बाटली फोड..."

"मार्था," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, आता रिबेका."

"असू दे रिबेका. खिडकीशी मार्थाच बसते." त्या तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. "पुढचं."

"सहावं बाक. शालिनीची कूस..."

"सुलोचना. पुढं."

मी अंदाजे कुठलंही पान उघडायला लागलो. बाक ऐकलं की बाई नाव सांगत. एकही चुकलं नाही.

"तुम्हांला माहीत आहे म्हणून ओळखताय," मी म्हणालो.

"आणि मंडळीला माहीत नाही?" त्यांचे हात थांबले. "पाचवं बाक वाच. भिंतीकडचं."

मी वाचलं. 'लीलाच्या पोरीचा बाप कोण, ते तिनं आज मला सांगितलं. तुला आधीपासून माहीत होतं, तरी तू कुणाला बोलला नाहीस. मीही बोलणार नाही. पोरीला चांगलं घर मिळू दे.'

तांदळाचं ताट बाईंनी खाली ठेवलं.

"ती एस्तेर. तिची पोर आता वीस वर्षांची आहे. मेलेल्या नवऱ्याची, म्हणून वाढलीय. तिचं लग्न ठरलंय राहुरीला. हंगामाची उपासना झाली की पुढच्या रविवारी देवळात लग्नाची सूचना वाचायची."

मी पानं मिटून बाजूला ठेवली.

"बाळा, बाकं काढून टाक. नाही तर आकडे उलटेपालटे कर. काही कर. पण हे असं जायचं नाही."

"बदलतो, बाई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ताट परत मांडीवर घेतलं, आणि मला चहा दिला.

*

चक्रनारायण साहेबांना मी सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. वाईट बातमी ऐकताना चष्मा काढून पुसायचे. तो त्यांनी पुसला.

"बाकं काढली तर काय उरेल?"

"प्रार्थना उरतील."

"आणि शेलार?"

शेलारांना मी फोन केला. ते म्हणाले, "नकाशा काढलात तर मला पुस्तकात रस नाही. हंगामाच्या उपासनेला प्रकाशन आहे, पत्रिका गेल्यात. आणि अमोलिक, खेड्यात पुस्तकं वाचतो कोण?"

"आकडे तरी उलटेपालटे करू," मी साहेबांना म्हणालो.

"करा. पण मग नकाशा नवा काढावा लागेल, आणि प्रत्येक प्रकरणात दुरुस्त्या. 'खिडकीशी', 'भिंतीकडचं', 'वेदीजवळ'. दोनशे ठिकाणी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी म्हातारा झालो, अमोलिक. तुम्हीच ठरवा."

मला ठरवायला चार दिवस होते. पहिल्या दिवशी मी एका कागदावर आकडे उलटेपालटे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी तो नकाशा पहिल्याइतका देखणा दिसेना. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, की खेड्यात पुस्तकं वाचतो कोण. चौथ्या दिवशी पानं जशीच्या तशी छापखान्यात गेली. मी स्वतः नेऊन दिली. रिक्षात ती मांडीवर धरली होती, चुरगळू नयेत म्हणून.

*

हंगामाच्या उपासनेला शेंडेवाडीची मंडळी आपापलं पहिलं पीक घेऊन येत. वेदीपुढे भोपळे, कणसं, ऊस, कोंबड्या, एक नाराज बोकड. उपासना झाली की अंगणात लिलाव. दोडका शंभराला जातो आणि घेणाऱ्याला टाळ्या मिळतात; पैसा देवळाचा. त्या साली भोपळ्यानंतर पुस्तकाची पहिली प्रत उचलली गेली. खजिनदारांनी ती चढाओढीनं घेतली आणि उंच धरून दाखवली. त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना दहाव्या पानावर होती. त्यांनी अजून वाचली नव्हती.

मग गठ्ठे फुटले. खेड्यात पुस्तकं वाचतो कोण, याचं उत्तर मला अर्ध्या तासात मिळालं. एकही प्रत उरली नाही. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनीही घेतली, नातवंडांकडून वाचून घ्यायला.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या, गळ्यात हार, मांडीवर पुस्तक. मी जवळ गेल्यावर त्यांनी मान वळवली.

"पेपरमिंट?"

"हो, बाई."

त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला, जणू नकाशा बोटांना लागेल. "बाकं बदललीस ना रे?"

अंगणात कोणीतरी बोकडाची बोली लावत होतं. मी म्हणालो, "हो, बाई."

"देव भलं करो," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन दाबला.

*

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. शेलारांना दुसऱ्या आवृत्तीसाठी देवळातल्या बाकांचा फोटो हवा होता. पहिली आवृत्ती आठ दिवसांत संपली होती, आणि साहेबांनी पुन्हा समोसे मागवले होते.

मी शेवटच्या बाकावर, दाराशी, बसलो. हंगामाच्या उपासनेला सगळ्यांना आपापल्या बाकावर मी पाहून ठेवलं होतं. मंडळी आत यायला लागली. दाराशी येऊन प्रत्येक जण क्षणभर थबके, मग पुढे जाई. खिडकीजवळ बसणारी मार्था भिंतीकडे गेली. वेदीजवळचे मास्तर मागे आले. खजिनदार मधोमध घुसले, दोन जाड माणसांच्या मध्ये. सुलोचना बायकांच्या अगदी पहिल्या बाकावर, मान खाली घालून. चाळीस वर्षांत न हललेलं देऊळ दहा मिनिटांत उलथंपालथं झालं. फक्त एका बाकावर कोणी बसेना. पाचवं, भिंतीकडचं. बायका तिथपर्यंत जात आणि पुढे सरकत.

माझ्यापुढचा गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "गुरुवारच्या एसटीनं गेल्या दोघी. राहुरीवाल्यांनी निरोप पाठवला म्हणे, नको."

मग काठीचा आवाज आला.

बाई वेदीकडून निघाल्या, नेहमीसारख्या. पहिल्या बाकाच्या कडेवर हात ठेवला.

"अनसूया."

तिथं सुलोचना होती. ती काही बोलली नाही.

"बरं नाही का गं?" बाई म्हणाल्या, आणि पुढे सरकल्या. दुसरं बाक. "मार्था." तिथं दुसरंच कोणी. गप्प. तिसरं. चौथं. "काय झालंय सगळ्यांना आज?" त्या हसल्या. कोणी हसलं नाही. पाचव्या बाकावर हात ठेवून त्यांनी हाक मारली, "एस्तेर."

एस्तेरचं नाव मंडळीत त्यानंतर कोणी मोठ्यानं घेतलं नाही, असं मला पुढे समजलं.

बाई तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. हात लाकडावर होता. तो त्यांनी बाकाच्या बसायच्या जागेवरून फिरवला, इकडून तिकडे. जागा गार असणार. मग त्यांना समजलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पुढच्या बाकांशी त्यांनी नावं घेतली नाहीत. नुसता हात ठेवत चालत आल्या, सहावं, सातवं, आठवं. शेवटी माझ्या बाकाशी.

"इथं कोण आहे?"

पाच बोटं माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होती. तोंडात गोळी होती. मी ती जिभेखाली दाबली, श्वास धरला आणि गप्प राहिलो.

त्या थांबल्या. मी एकतीसपर्यंत आकडे मोजले. मग त्यांनी हात उचलला आणि दारातून बाहेर गेल्या. मी फोटो न काढता मागच्या मागे एसटी गाठली.

*

'मध्यस्थ' त्यानंतर अकरा वर्षं चाललं. पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. शेलारांनी शब्द पाळून वर्षाला दहा पुस्तकं घेतली. सगळी आतली, सगळी रडवणारी. मी त्यांतली नावं बदलत राहिलो. नकाशा पुन्हा काढला नाही.

बाई प्रभूत गेल्यावर शेंडेवाडीच्या पाळकांनी मला एक वही टपालानं पाठवली. आत चिठ्ठी होती, 'ही तुम्हांला द्यावी असं बाईंनी सांगितलं होतं.' कडुलिंबाची दोन सुकी पानं निघाली. प्रकाशनानंतरच्या पहिल्या रविवारपासून पुढच्या तीन वर्षांची ती वही होती. अक्षरं आणखी मोठी झाली होती, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

'पहिलं बाक. जे कोणी असेल ते. दुसरं बाक. जे कोणी असेल ते. पाचवं बाक. एस्तेर, जिथं असशील तिथं. पोरीला चांगलं घर.'

प्रत्येक पान असंच. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ. पहिल्या पानावर, 'शेवटचं बाक. पेपरमिंट. बोलला नाही.' दुसऱ्या पानापासून, 'शेवटचं बाक. पेपरमिंट. आला नाही. येईल.' दर रविवारी. तीन वर्षं. एकही रविवार चुकलेला नाही.

वही मिळाल्यावरही मी गेलो नाही. कामं होती. मग दुसऱ्या एका नोकरीतून निवृत्त झालो, आणि कामं उरली नाहीत. एका रविवारी सकाळी एसटीत बसलो.

शेंडेवाडीच्या देवळात आता पंखे आहेत, पडदा आहे, पडद्यावर गीतांचे शब्द येतात. बाकं गेली. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल आणि निळ्या, ज्याला जिथं वाटेल तिथं ओढून घ्यायच्या. पाचवं बाक कुठं होतं ते मला सांगता आलं नसतं, आणि नकाशा मी काढलेला होता. शेवटची खुर्ची कोणती, तेही ठरेना. दाराशी एक निळी होती, तिच्यात बसलो.

गीतं झाली. तरुण पाळकांनी माइक हातात घेतला, "आज आपल्यात कोणी पाहुणे असतील तर त्यांनी उभं राहून नाव सांगावं. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू."

माणसं मागे वळून बघायला लागली. मी उभा राहिलो. गोळी गालात सरकवली.

"विजय अमोलिक. पुण्याचा."

तिसऱ्या रांगेत पांढऱ्या केसांच्या एका बाईनं मान वळवली आणि ती तशीच ठेवली. मार्था असेल, सुलोचना असेल. इतक्या वर्षांनी चेहरे लक्षात नव्हते, जागा तेवढ्या होत्या.

"स्वागत आहे, अमोलिक साहेब," पाळक म्हणाले. "काही सांगायचंय मंडळीला?"

माइक खुर्च्यांमधून हातोहात मागे आला. मी तो घेतला.

"हो," म्हणालो. "पुस्तकातला तो नकाशा मी काढला होता. बाईंनी बदलायला सांगितला होता."